बांगडा, बर्फ आणि मीठ: हिस्टामिन कुठे तयार होतं, कुठे थांबतं

मांडवीकाठी (धागाकर्ता)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. त्याआधीचे काही आठवडे गोव्यात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे: बांगडे खारवायचे, सुंगटं (कोळंबी) सुकवायची, पारा (सुक्या माशाचं लोणचं) घालून बरण्या भरायच्या. वर्षातली सर्वांत तापलेली हवाही याच दिवसांत असते, आणि बांगडा, तारले, कुपा (ट्यूना) या माशांना उष्णता अजिबात सोसत नाही. म्हणून हा धागा आत्ताच काढतो आहे.

मासळी 'बाधली' असं आपण म्हणतो, त्यातला एक ठरावीक प्रकार असा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत चेहरा आणि मान लाल होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात, कधी ओकारी किंवा जुलाब. बहुतेक लोक याला अ‍ॅलर्जी समजतात आणि बांगडा कायमचा सोडतात. पुष्कळदा ती अ‍ॅलर्जी नसते. बिघाड खाणाऱ्याच्या शरीरात नसतो, त्या दिवशीच्या माशात असतो.

बांगड्यासारख्या गडद मांसाच्या माशांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मोकळ्या रूपात भरपूर असतं, १०० ग्रॅमला काही शे मिलिग्रॅम. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत राहणारे काही जीवाणू मासा मेला की मांसात शिरतात. मॉर्गनेला मॉर्गनाय हा त्यांतला मुख्य. त्यांच्याजवळ हिस्टिडिन डीकार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि मागे हिस्टामिन उरतं. वर सांगितलेला त्रास होतो तो यानेच.

हे हिस्टामिन उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवून जात नाही. डबाबंद करताना देतात त्या उष्णतेतही टिकतं. सोलं, चिंच, व्हिनेगर यांनीही ते नाहीसं होत नाही. म्हणजे मासा चुलीपर्यंत पोचतो तेव्हा निकाल बराचसा लागलेला असतो. नंतरची प्रत्येक क्रिया, मग ते मीठ असो की ऊन की आंबट, फार तर पुढची वाढ थांबवते.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात हिस्टामिनची सुरक्षिततेची मर्यादा माशाच्या किलोला २०० मि.ग्रॅ. आहे. २०१२ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी या आकड्याचा आधार मांडला: निरोगी माणसाला ५० मि.ग्रॅ. हिस्टामिनपर्यंत त्रास दिसत नाही आणि एका बैठकीत २५० ग्रॅमपर्यंत मासा खाल्ला जातो. ५० भागिले ०.२५, म्हणजे २००.

बर्फाचा हिशेब, खारवण्याची रीत आणि बाधा झाल्यास करायच्या गोष्टी यांवर जाणकारांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

तिरफळ

चांगला विषय. एक शंका. बाजारात आपण कल्ले उघडून पाहतो, डोळा फुगीर आणि चकचकीत आहे का बघतो, पोट दाबतो, वास घेतो. एवढं करूनही हिस्टामिनचा मासा घरी येऊ शकतो का? जुन्या बायका बोटाने दाबून सांगायच्या, आणि त्यांचं चुकत नसे.

सूक्ष्मदर्शी

येऊ शकतो. ही परीक्षा निरुपयोगी नाही. सडका मासा ती नक्की बाजूला काढते आणि ती सोडू नये. पण ती मोजते ते वेगळे. वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमिन, अमोनिया आणि गंधकाच्या संयुगांमुळे, आणि बर्फातल्या माशात ती बनवण्यात थंडीत वाढणारे जीवाणू पुढे असतात. हिस्टामिन बनवणाऱ्या मॉर्गनेलासारख्या जीवाणूंना उबदार हवा लागते. मासा सकाळी पाच-सहा तास ३० अंशांत राहिला आणि मग बर्फात गेला, तर हिस्टामिन तयार झालेले असते, पण बर्फामुळे पुढची सडण्याची क्रिया मंदावते आणि मासा दिसायला बरा राहतो. हिस्टामिनला स्वतःचा वास नाही. जिभेला कधी तिखट झोंबल्यासारखे लागते, ओठ चुणचुणतात. पण आपल्या मसाल्यात ते कळणे कठीण.

दुसरी अडचण वाटणीची. एकाच टोपलीतल्या दोन बांगड्यांत, इतकेच नव्हे तर एकाच माशाच्या पोटाकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात हिस्टामिनचे प्रमाण फार वेगळे असू शकते. म्हणून घरातल्या चौघांनी तेच हुमण (माशाची आमटी) खाल्ले आणि एकालाच त्रास झाला, यावरून त्या एकाला अ‍ॅलर्जी आहे असे ठरत नाही.

युरोपीय नियमात याच कारणाने एका खेपेतून ९ नमुने घेतात. सरासरी १०० मि.ग्रॅ.च्या वर नको, १०० ते २०० च्या मध्ये फार तर २ नमुने चालतील, आणि २०० च्या वर एकही नको. एक मासा तपासून पाटीचा निकाल देता येत नाही.

शीतसाखळी

बर्फाबद्दल लिहितो. आधी वेळेची मर्यादा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मासळीविषयक मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की हवा किंवा पाणी २८.३ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून ६ तासांच्या आत बर्फात किंवा ४.४ अंशांखालच्या थंड पाण्यात गेला पाहिजे. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणीच या आकड्याच्या वर असतं. तेव्हा आपल्याला लागू पडते ती हीच मर्यादा. ६ तास ही शेवटची सीमा आहे, ध्येय नव्हे. उबेत हे जीवाणू तासाला दोनदा दुप्पट होत असतील असं धरा: ६ तासांत १२ दुपटी, म्हणजे चार हजार पटींहून जास्त. पहिल्या दोन तासांत मासा थंड करणं म्हणूनच नंतरच्या दहा तासांच्या बर्फापेक्षा मोलाचं.

आता बर्फ किती? ५ किलो बांगडे ३० अंशांवरून २ अंशांवर आणायचे आहेत. माशाची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे सुमारे ३.६ किलोज्यूल. ५ × ३.६ × २८ = ५०४ किलोज्यूल. बर्फ वितळताना किलोला ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे निव्वळ मासा थंड करायला दीड किलो.

खरा बर्फ खातो तो डबा. थर्माकोलचा ४० × ३० × ३० सेंमीचा, अडीच सेंमी जाडीचा डबा घ्या. बाहेर ३० अंश, आत शून्य. भिंतींतून साधारण २८ वॉट उष्णता आत येत राहते, तासाला १०० किलोज्यूल, म्हणजे तासाला ३०० ग्रॅम बर्फ. सहा तासांचे १.८ किलो. आधीचे दीड मिळवा, ३.३ झाले. झाकण उघडणं, डब्याचं स्वतःचं तापमान, वाहून गेलेलं गार पाणी हे धरलं की ५ किलोला ५ किलो येतं. उष्ण प्रदेशात माशाइतकाच बर्फ हा नियम सांगतात तो असा. साध्या प्लास्टिक क्रेटला इन्सुलेशन नाही, तिथे हीच गळती कितीतरी पट होते आणि माशाइतका बर्फ दोन-तीन तासही पुरत नाही.

पण सर्वांत जास्त चूक प्रमाणात होत नाही, रचनेत होते. पाटी बांगड्यांनी भरायची आणि वर बर्फाचा थर टाकायचा, ही पद्धत सगळीकडे दिसते. उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. एक बांगडा ३-४ सेंमी जाड. चहूबाजूंनी बर्फाचं पाणी असेल तर त्याचा गाभा ३० वरून ३ अंशांवर यायला अर्धा ते एक तास. मध्ये बर्फ न घालता २० सेंमी उंचीचा घट्ट ढीग केला तर जाडी पाचपट, वेळ पंचवीसपट: अर्धा ते अख्खा दिवस. वरचे मासे हाताला गार लागतात आणि मधले त्या सबंध वेळात कोमटच राहतात.

म्हणून तळाला बर्फ, मग माशांचा एक थर (फार तर दोन), मग बर्फ, असं चढत जायचं. बर्फ बारीक फोडलेला हवा. लादीचे मोठे तुकडे माशाला दोन-तीन ठिकाणीच टेकतात, बाकी हवा राहते, आणि धारदार कडांनी कातडी फाटते ते वेगळंच.

दर्यावेळ

ढिगाचं गणित एका बाबतीत कडक झालं आहे. वितळलेलं शून्य अंशाचं पाणी माशांच्या फटींतून खाली झिरपतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. नुसत्या उष्णतावहनाने जितका वेळ लागेल त्यापेक्षा तो कमी लागतो. बांगडा गुळगुळीत आणि गोलसर, फटी असतातच.

शीतसाखळी

मान्य. पाणी खरोखर झिरपत असेल तर. ताजे बांगडे पहिल्या काही तासांत ताठरतात तेव्हा फटी राहतात, नंतर मऊ पडून एकमेकांवर बसतात आणि फटी बुजतात. शिवाय पाणी सोपी वाट पकडून पाटीच्या कडेनेच उतरतं. थर लावण्याला पर्याय नाही असं माझं मत कायम आहे.

तुमच्या मुद्द्यातून एक उपयोगी गोष्ट निघते. पहिल्या तासाभरासाठी बर्फ आणि समुद्राचं (किंवा ३ टक्के मिठाचं) पाणी यांचा लगदा सर्वांत चांगला. साधारण दोन भाग बर्फ, एक भाग पाणी, त्यात मासे बुडलेले. खारट असल्यामुळे तो शून्याच्याही थोडा खाली जातो आणि माशाच्या सगळ्या अंगाला भिडतो. गाभा थंड झाला की पाणी काढून टाकायचं आणि बर्फाच्या थरांत ठेवायचं, डब्याच्या तळाचं भोक उघडं. लगद्यातच रात्रभर ठेवलं तर रक्ताचं पाणी सगळीकडे फिरतं, मांस पाणी धरतं आणि डोळे पांढरे पडतात.

कुळागर

घरच्या फ्रिजचं काय? बाजारातून आणून पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवतात, दुपारी साफ करतात.

शीतसाखळी

फ्रिज थंड ठेवण्याचं यंत्र आहे, थंड करण्याचं नाही. आतली हवा ४ अंश असली तरी स्थिर हवा उष्णता फार सावकाश घेते. १५० ग्रॅमचा एकटा बांगडा जाळीवर उघडा ठेवला तरी ३० वरून ५-६ अंशांवर यायला तीन-चार तास. दीड किलोची बांधलेली पिशवी तर संध्याकाळपर्यंत मध्ये कोमट राहील. आणल्या आणल्या पातेल्यात बर्फ आणि पाणी घालून त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, मग साफ करून पसरट डब्यात एका थरात फ्रिजमध्ये. फ्रीझरमधला एक ट्रे बर्फ यासाठी पुरत नाही. किलोभर माशाला अर्धा किलो तरी हवा.

सूक्ष्मदर्शी

याला दोन पुरवण्या.

फ्रिजचे ४ अंश मॉर्गनेलाला जवळपास थांबवतात, पण फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियमसारखे काही जीवाणू थंडीतही सावकाश हिस्टामिन बनवतात. बर्फातला बांगडाही अमर्याद काळ सुरक्षित नसतो. घरी आणलेला दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा, नाहीतर लगेच गोठवावा.

गोठवल्याने जीवाणूंची वाढ थांबते, त्यांतले काही मरतात. विकर मात्र मरत नाही. ते आधी पुरेसे बनलेले असेल तर वितळताना जीवाणूंशिवायही काम चालू ठेवते. गोठवलेला बांगडा ओट्यावर सकाळपासून वितळत ठेवणे म्हणूनच वाईट. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, किंवा घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात. शिजवल्यावर विकर नष्ट होते, त्यामुळे शिजलेल्या हुमणात हिस्टामिन असेल तेवढेच राहते. उरलेले हुमण बाहेर ठेवले आणि नवे जीवाणू पडले तर पुन्हा सुरुवात.

तिरफळ

रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातला) बांगडा चांगला असं सगळे म्हणतात. त्याचं कारण हेच का?

दर्यावेळ

बहुतांशी. रापणीत मासा किनाऱ्यावर येईपर्यंत जिवंत असतो, त्यामुळे मेल्याची वेळ ठाऊक असते आणि विक्री जवळच. पर्ससीनमध्ये (समुद्रात झुंड घेरणारं मोठं जाळं) एका फेऱ्यात टनावारी बांगडा किंवा तारले येतात. बर्फ भरपूर असला तरी शेवटची टोपली बर्फात जाईपर्यंत वेळ जातो, आणि खणात उंच ढीग झाला तर वर लिहिलेलं जाडीचं गणित लागू पडतं. मालीम, कुटबण, वास्को, शापोरा कुठल्याही जेटीवर प्रश्न एकच विचारायचा: जाळं कधी ओढलं आणि बर्फ कधी लागला?

रापणीची कमजोरी वाळू. उन्हातली वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. त्यावर मासा तासभर पसरून ठेवला तर जवळपणाचा सगळा फायदा जातो. ओल्या गोणपाटावर, सावलीत, आणि बर्फ सोबत. ओलं गोणपाट बाष्पीभवनाने चार-पाच अंश उतरवतं, पण मेच्या दमट हवेत त्याहून खाली नेत नाही. बर्फाची जागा ते घेत नाही.

आगरकाठ

खारवण्यावर लिहितो, इथे समज-गैरसमज फार आहेत. 'मीठ लावलं की झालं' हा त्यांतला मोठा. मीठ पृष्ठभागावर लागतं तत्क्षणी, गाभ्यात पोचतं दिवसांनी. मांसातून मीठ आत सरकण्याचा वेग उष्णता बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा शंभरेक पटींनी कमी आहे. अख्खा बांगडा नुसता मिठात पुरला तर मध्यापर्यंत पुरेसं मीठ जायला चार-पाच दिवस लागतील, आणि ३२ अंशांत तेवढ्या वेळात मध्ये काय व्हायचं ते होऊन जातं. पाठीकडून चिरून उघडलेला बांगडा सेंमीभर जाडीचा होतो, त्याला साधारण एक दिवस.

रीत अशी. बर्फातला मासा घ्यायचा, बाजारात दुपारी उरलेला स्वस्त मासा नव्हे. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण खारवण्यासाठी लोक नेमका तोच घेतात. पाठीच्या कण्याला धरून डोक्यापासून शेपटीपर्यंत चीर, पोटाची कातडी न तोडता पुस्तकासारखा उघडायचा. कल्ले, आतडी आणि कण्याला चिकटलेली काळी रक्ताची रेघ नखाने खरवडून काढायची. आतडं फुटलं तर लगेच धुवायचं, नाहीतर साफ करताना आपणच जीवाणू मांसावर पसरवतो. धुवायला ३ टक्के मिठाचं गार पाणी. १५ मिनिटं निथळत ठेवायचा.

मीठ: साफ केलेल्या ३ किलो माशाला १ किलो. आधी प्रत्येक माशाला आतून-बाहेरून चोळायचं, मग मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात मीठ-मासा-मीठ असे थर. पहिले थर कातडी खाली, शेवटचा थर कातडी वर. वर फळी आणि धुतलेला दगड. चार-पाच तासांत पाणी सुटून मासे बुडले पाहिजेत. बुडले नाहीत तर वरून संपृक्त मिठवणी ओतायची: १ लिटर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ, तळाला न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकं. उघडा राहिलेला वरचा मासा सर्वांत आधी तांबूस आणि खवट होतो.

पहिले २४ तास भांडं थंडीत ठेवा, फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात. मीठ आत जायचा वेग थोडा कमी होईल, पण जीवाणूंचा त्याहून खूप जास्त कमी होतो. या एका बदलाने खाऱ्याचा दर्जा जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशानेही नाही.

मांडवीकाठी

मीठ कुठलं? आगरातलं की पिशवीतलं?

आगरकाठ

आगरातलं जाडं मीठ चांगलं, पण मुरलेलं. खाजणातल्या मिठागरांच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहतं. नुकतं काढलेलं मीठ कडवट लागतं ते त्यामुळे. त्याचे तीन परिणाम: मांसात मीठ जायचा वेग मंदावतो, कडवटपणा येतो, आणि सुकल्यावरही मासा ओल धरतो. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं, त्याच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच ओलं होतं, आणि गोव्यात हवा इतकी कोरडी जवळपास कधीच नसते.

ढिगात महिनोन् महिने निथळलेल्या मिठातून हे कडू पाणी उतरून जातं. ताजंच मीठ असेल तर ते संपृक्त मिठवणीने धुवा. त्या पाण्यात मीठ आणखी विरघळू शकत नाही, मॅग्नेशियम मात्र विरघळतं. गाळा आणि उन्हात कोरडं करा. एक गोष्ट मात्र धुऊन जात नाही: मिठागरातले खारप्रेमी सूक्ष्मजीव.

सूक्ष्मदर्शी

हॅलोबॅक्टेरियम, हॅलोकोकस वगैरे. हे जीवाणू नव्हेत, आर्किया या वेगळ्या गटातले. मिठागराच्या शेवटच्या खाचरात पाणी गुलाबी दिसते ते यांच्या रंगद्रव्यामुळे. रायबंदरच्या मिठागरांतल्या या जीवांवर गोवा विद्यापीठात संशोधन झाले आहे. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-तांबडा चिकट थर येतो तो यांचाच. त्यांना ३५ ते ४५ अंशांची ऊब आणि ओल मानवते. मीठ कोरडे भाजून घेतले (जाड बुडाच्या कढईत, मीठ तडतडायचे थांबेपर्यंत) तर त्यांची संख्या पुष्कळ घटते. गुलाबी थर स्वतः विषारी मानत नाहीत, पण तो आला म्हणजे मासा ओला राहिला आहे, आणि तिथे दुसरेही काही वाढत असते. चिकट आणि वास बदललेला मासा धुऊन पुन्हा सुकवू नये, टाकावा.

मिठाने हिस्टामिनची भीती पूर्ण जात नाही हेही सांगायला हवे. टेट्राजेनोकोकस म्युरियाटिकससारखे जीवाणू खाऱ्यातही ते बनवतात.

आगरकाठ

सुकवण्याबद्दल. खारवल्यावर पृष्ठभागावरचं मीठ संपृक्त मिठवणीत बुचकळून काढा. गोड्या पाण्यात धुतलं तर वरचा थर अळणी होतो आणि बुरशी तिथूनच धरते. उंच जाळीवर किंवा दोरीवर, खालून हवा जाईल असं. जमिनीवर नको.

मेच्या दुपारी आर्द्रता ७५ च्या खाली उतरते, संध्याकाळपासून चढते. ऊन उतरायच्या आधी मासे आत घेऊन फळीखाली दाबून ठेवा. रात्री आतलं पाणी पृष्ठभागाकडे सरकतं आणि सकाळी सुकणं पुन्हा नीट सुरू होतं. पहिल्याच दिवशी पत्र्यावर भर उन्हात टाकलं तर वरची साल कडक होते, आतलं पाणी अडकतं, आणि बाहेरून खडखडीत वाटणारा मासा पावसाळ्यात आतून सडतो. पहिला दिवस ४०-४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ५५-६० ला तर मांस शिजून चुरा होतं.

किती सुकला हे वजनावरून ठरवा. साफ केलेल्या १ किलो बांगड्याचे खारवून-सुकवून ५५० ते ६५० ग्रॅम व्हायला हवेत. दोन दिवस सलग वजन तेच राहिलं की पुरे.

बांगडा तेलकट मासा, त्याचं तेल हवेने खवट होतं. मीठ आणि रक्तातलं लोह ही क्रिया वाढवतात. पोटाकडचा भाग पिवळा-तांबूस दिसला की तेच झालं. म्हणून घट्ट डब्यात, हवा कमीत कमी, अंधारात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर उत्तम. उघड्या टोपलीतला खारा बांगडा जूनच्या ८५-९० टक्के आर्द्रतेत पाणी ओढणारच, कितीही चांगला सुकवला तरी.

कुळागर

पारा घालताना माडाचं व्हिनेगर वापरतो. तिथे काय सांभाळायचं?

सूक्ष्मदर्शी

आंबटपणा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आंबवून केलेल्या व्हिनेगरात किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल हवे. घरगुती माडाच्या व्हिनेगरात ते प्रत्येक खेपेला वेगळे असते. बरणीतल्या तेलाखाली हवा नसते, आणि बॉट्युलिनमच्या (जीवघेणे विष बनवणाऱ्या) जीवाणूंना तेच हवे असते. पीएच (आंबटपणाचे माप, जितका कमी तितके आंबट) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत. चुकीला जागा राहावी म्हणून ४.२ चे लक्ष्य ठेवा. पीएच पट्ट्या स्वस्त मिळतात, पण मसाल्याच्या रंगात वाचता येत नाहीत. हळद-मिरची घालण्याआधी माशाचे तुकडे व्हिनेगरात मुरवून दुसऱ्या दिवशी एक तुकडा वाटून मोजावा, म्हणजे माशाने किती आम्ल शोषले ते कळते. सुका मासा धुवायचा तोही व्हिनेगरातच, पाण्यात नव्हे.

तिरफळ

२०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनवरून (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) रान उठलं होतं, बाहेरच्या राज्यांतल्या मासळीवर काही दिवस बंदीही आली. तेव्हापासून लोक तपासणी किट मागतात. त्यात हिस्टामिन कळतं का?

दर्यावेळ

नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेल्या झटपट पट्ट्या फॉर्मेलिन आणि अमोनियासाठी आहेत. किट स्वच्छ आलं म्हणजे हिस्टामिन नाही असं मुळीच नाही. फॉर्मेलिनबाबतही लक्षात ठेवा की बोंबिलासारख्या काही माशांत ट्रायमिथाइलअमिन ऑक्साइड फुटून फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्या तयार होतं. नुसतं 'सापडलं' म्हणणं पुरत नाही, किती आणि कुठल्या माशात हे विचारावं लागतं.

वर्णपट

हिस्टामिनच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीबद्दल, कॉलेजातल्या प्रकल्पांसाठी. द्रवक्रोमॅटोग्राफी नसेल तर फ्लुरोमीटरची (पदार्थाची चमक मोजणारं यंत्र) एओएसी ९७७.१३ ही प्रमाणित पद्धत शक्य आहे. १० ग्रॅम वाटलेलं मांस मिथेनॉलमध्ये घुसळून ६० अंशांवर १५ मिनिटं, गार करून १०० मि.लि. करून गाळायचं. आयन-विनिमय स्तंभातून काढलं की हिस्टिडिन मागे राहतं, हिस्टामिन पुढे येतं. मग ऑर्थो-थॅल्डिहाइड घालून बरोबर ४ मिनिटांनी फॉस्फोरिक आम्लाने अभिक्रिया थांबवायची आणि ३५० नॅनोमीटरने उत्तेजित करून ४४४ वर मोजायचं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. ती ४ मिनिटं नमुन्यागणिक बदलली की आकडे भरकटतात, म्हणून एकावेळी थोडेच नमुने घ्या. आणि स्तंभ नीट तयार नसला तर हिस्टिडिन निसटतं, आकडा फुगतो. रिकामा नमुना आणि ठाऊक प्रमाणात हिस्टामिन मिसळलेला नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवा. वाटलेलं मांस टेबलावर ठेवून जेवायला गेलात तर मोजताय ते तुम्हीच तयार केलेलं हिस्टामिन.

नाडी

बाधेच्या बाजूने. लक्षणं बहुधा काही तासांत, फार तर दिवसभरात उतरतात. साधी अँटिहिस्टामिन गोळी उपयोगी पडते, ती डॉक्टरांना विचारून. श्वास लागणं, घशाला सूज, जीभ जड होणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीही असेल तर घरी वाट पाहायची नाही, १०८ ला फोन. त्या क्षणी ही हिस्टामिनची बाधा आहे की खरी अ‍ॅलर्जी हे ठरवत बसायचं नसतं, उपचार जीवघेण्या अ‍ॅलर्जीचेच होतात.

फरक नंतर कळतो. रक्तातलं ट्रिप्टेज हे विकर पहिल्या काही तासांत तपासलं तर खऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीत ते बहुधा वाढलेलं असतं, हिस्टामिनच्या बाधेत नसतं. उरलेला मासा टाकू नका. पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, तपासायला तोच लागतो. आणि एका प्रसंगावरून मुलाच्या कागदावर 'माशाची अ‍ॅलर्जी' लिहून घेऊ नका, त्वचेची चाचणी करून घ्या.

एक गट विशेष जपायचा: क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणारे. आतड्यात हिस्टामिन मोडणाऱ्या विकरांना हे औषध अडवतं. इतरांना काहीच होणार नाही एवढ्या प्रमाणातही त्यांना चेहरा लाल होणं, धडधड, डोकेदुखी होऊ शकते. औषध बंद करायचं नाही, कधीही नाही. उपचाराच्या महिन्यांत बांगडा, तारले, कुपा आणि त्यांचं खारं टाळा. प्रथिनांसाठी लेपो, मुडदुशी, कोळंबी, अंडी, डाळी आहेत. त्यांत मोकळं हिस्टिडिन फार कमी असतं.

कुळागर

मुडदुशी बर्फाशिवाय चालते असं समजायचं का मग?

नाडी

नाही. हिस्टामिनचा धोका कमी, सडण्याचा तेवढाच. बर्फ तिलाही लागतो.